हत्तीला पळायला जागाच ठेवायची नाही: आग्र्याच्या किल्ल्याचे दरवाजे समजून घेताना

हत्तीनं दरवाजा फोडायचा म्हणजे नेमकं काय व्हायचं ते आधी डोळ्यासमोर आणा. काही टन वजनाचं जनावर, कपाळाला लोखंडी पत्रा, वर माहूत, मागून सैन्याचा आरडाओरडा आणि समोर जाडजूड लाकडी दरवाजा. हत्ती नुसता दाराशी उभा राहून ढकलायला लागला तर दार करकरेल, हलेल, पण सहजासहजी तुटायचं नाही, कारण आतून अडसर घातलेला असतो आणि अडसराची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतीत खोल गेलेली असतात. तोडायचंच तर हत्तीला लांबून पळत यावं लागतं, सरळ यावं लागतं, आणि पायाखाली सपाट जमीन पाहिजे. आता दाराच्या तोंडाशीच रस्ता काटकोनात वळवा आणि वर त्याला चढ द्या. झालं काम. वळताना हत्तीचा वेग जाणार, चढताना उरलासुरला दम जाणार, आणि दाराशी पोचेपर्यंत तो नुसताच एक मोठं जनावर उरणार, वरच्या तटावर सगळे नेम धरून बसलेलेच आहेत. आग्र्याच्या किल्ल्याचे दरवाजे समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करायची, संगमरवर आणि नक्षीकाम नंतर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टूरच्या बसनं गेले होते, सकाळी ताजमहाल आणि दुपारी किल्ला, आणि दरवाज्यातून आम्ही अक्षरशः तिकीट हातात घेऊन धावत आत शिरलो कारण सगळ्यांना आतले महाल बघायचे होते. दुसऱ्यांदा एकटी गेले आणि दोन तास फक्त दरवाज्यापाशी काढले. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या किल्ल्यात बघण्यासारखी सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे त्याचे दरवाजेच, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आधी एक साधी गोष्ट. किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चांगल्या भक्कम तटबंदीला आपणच मुद्दाम पाडलेलं भोक. भिंत कितीही जाड करा, उंच करा, पण माणसांना, घोड्यांना, धान्याच्या गाड्यांना आत यायला वाट ठेवावीच लागते, आणि शत्रूलाही ते पक्कं माहीत असतं. त्यामुळे दरवाजा बांधणाऱ्याचं निम्मं डोकं ते भोक कसं सांभाळायचं याच्यातच जातं. आपल्याकडे सह्याद्रीत याचं उत्तर काय शोधलं हे ज्यानं रायगड चढलाय त्याला सांगायला नको. महादरवाज्याच्या खाली तुम्ही उभे असता, दोन बुरूज दिसतात, पण दरवाजा कुठाय ते कळत नाही, दोन बुरुजांच्या मधून वळसा घेऊन आत शिरल्यावर तो एकदम अंगावर येतो. गोमुखी बांधणी म्हणतात तिला. म्हणजे आपलं उत्तर होतं, दरवाजा लपवायचा. डोंगर साथीला होता, कडे होते, वाट एवढीशी होती, लपवणं जमत होतं.

आग्र्याला कसला डोंगर आणि कसला कडा. यमुनेच्या काठावरची सपाट जमीन, चहूकडून सैन्य येऊ शकतं, तोफा ओढत आणता येतात. आणि दुसरी अडचण अशी की हा किल्ला नुसता लढायला नव्हता, ही राजधानी होती. रोज शेकडो लोक दरबाराला येणार, परदेशी वकील येणार, राजपूत राजे लवाजम्यासकट येणार, आणि त्यांना लांबूनच समजलं पाहिजे की आपण कुणाच्या दारात चाललोय. त्यामुळे इथला दरवाजा लपून चालणारच नव्हता. तो दिसायलाही पाहिजे, दिमाखदार पाहिजे, आणि तरी फोडता येता कामा नये. एकाच बांधकामानं पाहुण्याचं स्वागतही करायचं आणि शत्रूला अडवायचंही, ही दोन उलटी कामं. मुघलांनी ती कशी जमवली त्याचीच ही गोष्ट आहे.

आता थोडा इतिहास, पटकन. आग्र्याला अकबराच्या आधीपासून किल्ला होता, विटांचा, बादलगढ नावाचा, लोदी सुलतान तिथं राहायचे, १५२६ ला पानिपतनंतर तो बाबराच्या ताब्यात आला, हुमायूनचा राज्याभिषेक १५३० मध्ये तिथंच झाला. अकबर १५५८ ला आग्र्यात आला तेव्हा तो पडझडीला आला होता. मग १५६५ च्या सुमाराला त्यानं तो पाडून नव्यानं बांधायला घेतला, लाल दगडात, आणि साधारण आठ वर्षांत, १५७३ पर्यंत काम पुरं झालं. देखरेख कासिम खानाकडे होती. तटबंदीचा घेर जवळजवळ अडीच किलोमीटर आणि उंची सत्तर फुटांच्या आसपास, म्हणजे सहा-सात मजली बिल्डिंग एवढी भिंत, आणि ती अडीच किलोमीटर चालत राहते. वरून बघितलं तर किल्ल्याचा आकार अर्ध्या चंद्रासारखा, सरळ बाजू यमुनेला लागून आणि वाकलेली बाजू शहराकडे.

दगड लाल दिसतो म्हणून सगळी भिंत आरपार लाल दगडाची असेल असं वाटतं, पण आतला गाभा विटांचा आहे आणि बाहेरून घडीव लाल दगडाचं अंग चढवलंय. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल, त्यानं या जोडकामाचं फार कौतुक केलंय, दगडाला दगड असा बसवलाय की मध्ये केससुद्धा शिरणार नाही, आणि लोखंडी कड्यांनी दगड एकमेकांना बांधलेत असं तो सांगतो. हा दगड म्हणजे आपल्याकडचा काळा बेसॉल्ट नाही हे लक्षात घ्या. आपला दगड कठीण, छिन्नीला दाद देत नाही, म्हणून आपल्या किल्ल्यांवर नक्षी कमी आणि दगडांचे ठोकळे मोठे. आग्रा-फतेहपूर सिक्रीच्या भागातला लाल वालुकाश्म मऊसर, थरांचा, कारागिराला जवळजवळ लाकडासारखा कोरता येतो. तोट्याची बाजू अशी की तो थरांनीच सुटतो. दरवाज्याच्या खालच्या भागात जवळ जाऊन बघा, पोपडे सुटलेत, काही ठिकाणी फुलाची अर्धी पाकळी आहे आणि अर्धी पावसानं नेलीय.

मूळचे दरवाजे चार. पश्चिमेला शहराकडे तोंड करून दिल्ली दरवाजा, दक्षिणेला आज ज्याला आपण अमरसिंग दरवाजा म्हणतो तो, आणि नदीच्या बाजूला दोन, त्यातला पाण्याकडे उतरणारा खिज्री दरवाजा फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. दरवाज्याला समोरच्या गावाचं नाव द्यायची पद्धत आपल्याला काही नवीन नाही, पुण्याला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहेच, संभाजीनगरला दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजा आहेत. दरवाजा जिकडे बघतो त्या दिशेच्या मोठ्या गावाचं नाव त्याला चिकटतं, एवढं सोपं.

दिल्ली दरवाजा हा बादशहाचा मानाचा दरवाजा. १५६८-६९ च्या सुमाराला तो उभा राहिला, आणि ही साल लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण फेब्रुवारी १५६८ मध्ये अकबरानं चितोड घेतलं आणि १५६९ ला रणथंभोर. म्हणजे एकीकडे हा माणूस देशातले सगळ्यात अवघड किल्ले फोडत होता, चितोडला भिंतीखाली सुरुंग लावत होता, आच्छादलेल्या वाटा तटापर्यंत नेत होता, आणि त्याच वर्षांत त्याच्या स्वतःच्या किल्ल्याचा दरवाजा बांधून होत होता. किल्ला कुठं कच्चा असतो हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मला दिल्ली दरवाजा बघताना हेच सारखं आठवतं.

रचना कशी आहे बघा. आधी खंदक. खंदकावर लाकडी पूल, तो काढून घेता यायचा, त्यामुळे पहिला अडथळा म्हणजे रस्ताच गायब. मग बाहेरचा दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगाला दोन प्रचंड अष्टकोनी बुरूज. अष्टकोनी का, चौकोनी का नाही? चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याच्या अगदी समोर एक अशी जागा राहते जिथं तटावरच्या माणसाला खालचं दिसत नाही, शत्रू तिथं चिकटून भिंत खणू शकतो. बुरूज गोल किंवा अष्टकोनी केला की ती आंधळी जागा फार कमी होते आणि शेजारच्या बुरुजावरून तिथं नेम धरता येतो. आणि बांधकामाच्या दृष्टीनं अजून एक काम हे बुरूज करतात. मधल्या मोठ्या कमानीचा भार नुसता खाली जात नाही, तो दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो. दोन हातांची बोटं एकमेकांना टेकवून कमान करा आणि वरून कुणाला तरी दाबायला सांगा, कोपरं बाहेर फाकतात की नाही, तसंच. कमान फाकू नये म्हणून बाजूला काहीतरी जड पाहिजे. हे बुरूज म्हणजे ते जड. त्यामुळे जो बुरूज शत्रूला दम देतो तोच कमानीलाही धरून ठेवतो, आणि लांबून येणाऱ्या पाहुण्याला दोन बाजूंना उभे असलेले भालदार-चोपदार वाटावेत असा दिसतोही.

ही टोकदार कमान आणि तिच्याभोवतीची उंच चौकट, ही कल्पना इराण आणि मध्य आशियातून आली. पण नजर वर नेली की तिथं बुरुजांवर छत्र्या बसवलेल्या दिसतात, दगडी सज्जे, त्यांना आधार देणारे कोरीव दगडी हात, आणि हे सगळं गुजरात-राजस्थानकडचं काम. अबुल फजल म्हणतो की किल्ल्यात बंगाली आणि गुजराती पद्धतीच्या इमारती होत्या, आणि त्यांची संख्या तो पाचशेच्या वर सांगतो. कारागीर इथले, त्यांच्या हाताला लाकडी घराची आणि देवळाची सवय, आणि मालकाच्या डोळ्यासमोर समरकंद आणि हेरात. त्या दोघांनी मिळून जे केलं त्याला आपण मुघल शैली म्हणतो. नंतर शाहजहानच्या काळात ती गुळगुळीत, पांढरी आणि फार नेटकी होत गेली, पण मला विचाराल तर ही अकबराच्या काळातली थोडी धसमुसळी, अंगापिंडानं मजबूत शैलीच जास्त आवडते. लाल दगडात पांढरा संगमरवर बसवून नक्षी काढलीय, आणि त्या नक्षीत पक्षी आहेत, हत्ती आहेत.

बाहेरच्या दरवाज्यातून आत शिरलं की लगेच सुटका नाही. चढ लागतो, काटकोनात वळण येतं, आणि मग आतला दरवाजा, हत्ती पोळ. इथं दोन्ही बाजूंना खऱ्या हत्तीएवढे दगडी हत्ती होते, त्यांच्यावर स्वार होते. वर नगारखाना. हे स्वार म्हणजे चितोडला अकबराशी लढताना पडलेले जयमल आणि पत्ता हे दोन राजपूत वीर अशी जुनी समजूत आहे, आणि फ्रेंच प्रवासी बर्नियरनं दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या अशाच दोन हत्तींबद्दल हीच गोष्ट लिहून ठेवलीय. आग्र्याचे हत्ती औरंगजेबाच्या काळात काढून टाकले गेले. दोन दरवाज्यांच्या मधली ती बंदिस्त जागा म्हणजेच सगळ्या रचनेचं मर्म आहे. पाहुणा असाल तर तिथं थांबायचं, वर नगारे वाजतायत, समोर हत्ती, छाती दडपून जाते. शत्रू असाल तर पहिला दरवाजा तोडून तुम्ही एका चौकोनी विहिरीत येऊन उभे आहात, चारी बाजूंना उंच भिंती, भिंतींवर माणसं, मागून तुमचीच माणसं रेटतायत आणि पुढचा दरवाजा बंद. जागा तीच, भिंती त्याच. सकाळी दरबार भरायचा असेल तर ती स्वागताची जागा आणि वेढा पडला की सापळा.

दिल्ली दरवाजा आज आपल्याला आतून बघता येत नाही, किल्ल्याचा मोठा भाग सैन्याकडे आहे आणि तो दरवाजाही त्यांच्याच भागात येतो. बाहेरून मात्र दिसतो, आग्रा फोर्ट रेल्वे स्टेशनच्या बाजूनं. मूळात या दरवाज्यासमोर त्रिपोलिया नावाचा अष्टकोनी चौक होता आणि पलीकडे शाहजहानच्या मुलीनं, जहानआरानं बांधलेली जामा मशीद, म्हणजे किल्ला, चौक, मशीद आणि बाजार असं सगळं एकमेकांना जोडलेलं होतं. इंग्रजांनी स्टेशनसाठी तो चौक पाडला आणि मधून रूळ टाकले. दरवाजा आहे तिथंच आहे पण त्याच्यासमोरचं अंगणच गेलंय, त्यामुळे तो कुणाकडे बघत उभा आहे ते आज कळत नाही. मला त्या जागी उभं राहून फार वाईट वाटलं होतं.

आपण आत जातो ते दक्षिणेच्या अमरसिंग दरवाज्यातून. हा अमरसिंग राठोड म्हणजे मारवाडच्या गजसिंगाचा थोरला मुलगा, गादी त्याला न मिळता धाकट्याला मिळाली आणि त्याच्याकडे नागौर आलं. १६४४ साली त्यानं शाहजहानच्या भर दरबारात मीर बक्षी, म्हणजे लष्करी कारभार बघणारा बडा अधिकारी, सलाबत खानाला मारलं आणि त्याच गडबडीत तोही मारला गेला. राजस्थानात त्याच्यावर लोक अजून गाणी म्हणतात, खेळ करतात, आणि घोड्यासकट त्यानं तटावरून उडी मारली अशी दंतकथा तिथले गाइड रंगवून सांगतात. आणि गादी मिळालेला तो धाकटा भाऊ कोण, तर जसवंतसिंग! हो, तोच, शाइस्तेखानाच्या वेळी पुण्यात आलेला, सिंहगडाला वेढा घालून हात हलवत परत गेलेला. आग्र्याच्या दरबारात महाराजांना याच जसवंतसिंगाच्या मागं उभं केलं आणि ज्याची पाठ माझ्या सैन्यानं बघितली त्याच्या मागं मला उभं करता म्हणून महाराज भडकले, असं आपल्याकडच्या बखरींत आहे. ज्या किल्ल्यात हे घडलं त्याच्या दरवाज्याला थोरल्या भावाचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर अंगावर काटा आला होता.

या दरवाज्याची रचना तुम्ही स्वतः पायांनी मोजू शकता म्हणून सांगते. खंदक ओलांडून बाहेरच्या दरवाज्यात शिरा. वर मान करून बघा, बुरुजांवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशीकामाचे तुकडे अजून शिल्लक आहेत, एकेकाळी सगळा दरवाजा उन्हात चमकत असणार. आत आलात की चौक, मग वळा, मग पुढचा दरवाजा, परत वळा. एकामागे एक तीन दरवाजे आणि एकाही दरवाज्यातून सरळ पुढच्या दरवाज्यातलं दिसत नाही. मी मुद्दाम प्रत्येक कमानीखाली थांबून पुढं बघायचा प्रयत्न केला, दर वेळी समोर भिंतच. तोफेचा गोळा सरळ जातो, त्याला वळता येत नाही, त्यामुळे बाहेरचा दरवाजा उडवला तरी त्याच तोफेनं आतला उडवता येणार नाही, तोफ उचलून आत आणावी लागेल, आणि आत आणली की वरून मार.

शेवटच्या दरवाज्यानंतर लांबलचक चढ लागतो, दोन्ही बाजूंना सरळ उभ्या उंच भिंती आणि वर आकाशाची पट्टी. चढाच्या दगडाला आडव्या रेघा पाडल्यात, चप्पल काढून पाय ठेवला तर तळव्याला जाणवतात, आणि त्या घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून. गाइड लोक इथं टाळी वाजवून दाखवतात, आवाज भिंतींवरून घुमत वर जातो. वरून उकळतं तेल ओतायचे, दगडी गोळे सोडायचे असंही सांगतात. तेलाचं मला तितकंसं पटत नाही, एवढं तेल महाग पडलं असतं आणि दगड फुकट होते, पण हा उतार गोळा सोडायला फारच सोयीचा आहे हे तिथं उभं राहून लगेच पटतं. शाळेची एक सहल आली होती, साठेक पोरं असतील, ती सगळी त्या चढात एकदम अडकली, पुढची थांबली म्हणून मागची थांबली, आणि मास्तर मागून ओरडत होते. साठ पोरांची जी गत झाली ती सहाशे शिपायांची काय होत असेल ते तेव्हा नीट समजलं.

तटाच्या माथ्यावर पाकळ्यांसारखे दगड दिसतात, आपल्याकडे चर्या म्हणतात त्याला, त्यांच्यात आणि खाली भोकं आहेत. नीट बघा, काही भोकं सरळ आहेत आणि काही खाली तिरकी. सरळ भोकातून लांबचा शत्रू टिपायचा, तिरक्यातून पायथ्याशी आलेला. काही ठिकाणी भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पेट्या आहेत, खालून उघड्या, म्हणजे माणूस आडोशाला राहून थेट खाली मारा करू शकतो. आणि हे सगळं इतकं रेखीव ओळीत बसवलंय की खालून बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. देवगिरीच्या दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे बघितले की ते हत्तीसाठी आहेत हे पोरालाही कळतं. इथं भीती नक्षीच्या आत ठेवलीय.

औरंगजेबाला हेही पुरेसं वाटलं नाही. त्यानं किल्ल्याच्या तटाबाहेर अजून एक बुटका तट बांधला, शेर हाजी म्हणतात त्याला, आणि दरवाज्यांसमोर आडोसे उभे केले. दिल्लीच्या लाल किल्ल्यातही त्यानं लाहोरी आणि दिल्ली दरवाज्यासमोर असेच आडकोट घातले. लाल किल्ला शाहजहाननं बांधलेला, १६३९ ते १६४८, आणि त्याच्या लाहोरी दरवाज्यातून थेट चांदनी चौकाचा लांब रस्ता दिसायचा, ती सरळ रेष हेच तर त्याचं सौंदर्य होतं. कैदेत असलेल्या शाहजहाननं मुलाला कळवलं म्हणे की किल्ला नवरीसारखा होता, तू तिला घुंगट घातलास. खरंखोटं काहीही असो, एका वाक्यात सगळा वाद आलाय. बापाला दरवाजा दिसायला हवा होता, मुलाला तो लपवायचा होता. आपल्या गोमुखीच्या जवळ औरंगजेब आला असं म्हणता येईल, फक्त डोंगर नसल्यानं त्याला भिंत बांधावी लागली.

आता आपल्याकडच्या एका फार पसरलेल्या गैरसमजाबद्दल. महाराज आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होते आणि किल्ल्याच्या दरवाज्यातून पेटाऱ्यात बसून निसटले असं खूप लोक समजतात, मी तिथं किल्ल्यात उभं राहून एका आजोबांना नातवाला हेच सांगताना ऐकलंय. तसं नाही. १२ मे १६६६ ला महाराज आग्र्याला पोचले आणि औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारासाठी किल्ल्यात गेले. शाहजहान त्याच वर्षी २२ जानेवारीला याच किल्ल्यात वारला होता, म्हणजे चार महिनेही झाले नव्हते. दरबारात अपमान झाल्यावर महाराज मिर्झाराजे जयसिंगाच्या मुलाबरोबर, रामसिंगाबरोबर बाहेर आले आणि त्यांचा मुक्काम किल्ल्याबाहेर, रामसिंगाच्या डेऱ्यापाशी होता, तिथं शहराचा कोतवाल फौलाद खान याचा पहारा बसला, आणि १७ ऑगस्टला ते निसटले ते त्या मुक्कामावरून. यानं त्या सुटकेचं मोल कणभरही कमी होत नाही, पण गोष्ट जिथं घडली तिथंच ठेवावी. आज अमरसिंग दरवाज्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आपली सगळी मंडळी तिथं आधी मुजरा करतात आणि मगच किल्ल्यात जातात, आणि २०२३ ला तर किल्ल्यात शिवजयंतीही साजरी झाली.

मराठ्यांचा या किल्ल्याशी संबंध तेवढ्यावर संपत नाही, आणि हे आपल्याकडं फार कमी सांगितलं जातं. १७८५ मध्ये महादजी शिंद्यांनी आग्र्याचा किल्ला घेतला आणि १८०३ पर्यंत तो शिंद्यांकडे होता. १७८७-८८ मध्ये इस्माईल बेग या मुघल सरदारानं वेढा घातला तेव्हा शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड आत होते आणि त्यांनी किल्ला दिला नाही, शेवटी जून १७८८ ला वेढा उठला. म्हणजे अकबराचे हे दरवाजे बंद करून आतून लढणारी माणसं मराठी होती! लखबादादांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही.

आणि आता खिज्री दरवाजा. इतकी सगळी हुशारी, खंदक, वळण, चढ, तीन तीन दरवाजे, याचं प्रत्यक्षात काय झालं? १६५८ ला गादीसाठी भावाशी झालेली सामूगढची लढाई जिंकून औरंगजेब आग्र्याला आला तेव्हा शाहजहान आत दरवाजे बंद करून बसला. औरंगजेबानं तोफा लावल्या, काही उपयोग झाला नाही. मग त्याच्या माणसांनी नदीकडची बाजू धरली, खिज्री दरवाज्यातून किल्ल्यात यमुनेचं पाणी जायचं ते बंद केलं. आतल्या विहिरींचं पाणी मचूळ. जूनचा महिना, आग्र्याचं ऊन, आणि आयुष्यभर यमुनेचं गार पाणी प्यायलेला म्हातारा बादशहा. त्यानं मुलाला लिहिलं की हिंदू लोक मेलेल्या बापालाही पाणी देतात आणि तू जिवंत बापाला तहानेनं मारतोयस. तीन दिवसांत दरवाजे आतून उघडले गेले. नंतरही तसंच. १७६१ ला सूरजमल जाटानं किल्ला घेतला तो आतल्या लोकांना फितवून, महादजींकडे तो शरण आला, १८०३ ला इंग्रज सेनापती जनरल लेक याच्या तोफांनी नदीकडच्या बाजूला भिंतीवर मारा केला आणि आतल्यांनी हत्यारं ठेवली. तहान, पैसा, बोलणी, भिंत, सगळीकडून वाट काढली लोकांनी, पण यातल्या एकाही वेळी दिल्ली दरवाजा किंवा अमरसिंग दरवाजा फोडून कुणी आत शिरलं नाही. बांधणाऱ्यानं ते काम इतकं चोख केलं होतं की शत्रूनं त्या दाराचा नादच सोडला.

जाणार असाल तर दुपारच्या उन्हात जाऊ नका, लाल दगड तापतो आणि चढावर डोकं गरगरतं. सकाळी उघडल्या उघडल्या जा, तेव्हा ऊन तिरकं असतं आणि अमरसिंग दरवाज्यावरच्या निळ्या फरश्या दिसतात, नंतर सावलीत त्या मातकट वाटतात. आत महालांकडे पळायच्या आधी प्रत्येक कमानीखाली एकदा थांबा आणि पुढचं काय दिसतंय बघा. बाहेर आलात की रिक्षा करून आग्रा फोर्ट स्टेशनच्या बाजूला जा, तिथून दिल्ली दरवाजा दिसतो, दोन लाल बुरूज आणि वर छत्र्या, आणि अधूनमधून त्याच्यासमोरून गाडी जाते.